शेवटची फाक

ही गेली त्या दिवशी मी लेथवर होतो. लाकडी बैठकीचा पाया कातत होतो. चिमणी दारात येऊन उभी राहिली आणि हात हलवायला लागली. चिमणी म्हणजे आमच्या कारखान्यात कागदाच्या फाका चिकटवायच्या खोलीतली सगळ्यात धाकटी बाई. दिवसभर तोंड चालू असतं म्हणून तिला सगळे चिमणी म्हणतात. मशीनच्या आवाजात ऐकू येणार नाही म्हणून ती खुणा करतेय असं मला वाटलं. मी मशीन बंद केलं. तरी ती काही बोलली नाही. चिमणी बोलत नाही म्हणजे काहीतरी झालंय एवढं कळलं. काय ते कळलं नाही.

ही तिच्या टेबलाच्या पायाशी आडवी होती. सुपरवायझरनं डोक्याखाली गोणपाटाची घडी ठेवली होती. हाताला खळ लागलेली होती, ओली. मी ती माझ्या रुमालानं पुसत बसलो. दवाखान्याची गाडी येईपर्यंत मी तेवढंच केलं.

डॉक्टर तरुण होता. डोक्यातली शीर फुटली म्हणाला. मग विचारलं, "सकाळपासून त्या गोंधळल्यासारखं काही करत होत्या का? असं होण्याआधी कधी कधी तास-दोन तास माणूस गडबडतो."

"नाही," मी म्हणालो. मग म्हणालो, "माहीत नाही."

आम्ही दोघं रोजच्यासारखे चालतच कामावर आलो होतो. वाटेत कोपऱ्यावर तिनं मला थांबवून माझ्या शर्टाचं बटण लावलं होतं. घरी येऊन शर्ट काढताना पाहिलं, ते चुकीच्या काजात लावलेलं होतं.

आमचा कारखाना पृथ्वीचे गोल बनवतो. शाळेत टेबलावर असतात तसे. मी लाकडी बैठका कातायचं काम करतो, ही फाका चिकटवायची. जगाचा नकाशा सलग कागद म्हणून गोलावर बसत नाही, सुरकुत्या पडतात. म्हणून तो दोन्ही टोकांना निमुळत्या लांब पट्ट्यांत छापतात. त्यांना आम्ही फाका म्हणतो. फाकेला मागून खळ लावायची, जरा भिजू द्यायची आणि कागदाच्या लगद्याच्या कोऱ्या गोलावर एकीला एक भिडवत जायचं. ओला कागद ताणतो. प्रत्येक फाकेला केसाएवढा फरक पडतो, आणि तो सगळा मिळून शेवटच्या सांध्यावर येतो. तिथे फट राहते, नाहीतर कागदावर कागद चढतो.

मालकांच्या वडिलांनी कारखाना काढला तेव्हाच नियम घातला, की हा शेवटचा सांधा आपल्या देशात यायला हवा. गोल परदेशी जातात. गिऱ्हाइकाला स्वतःच्या देशात फट दिसली तर तो माल परत पाठवेल. आपल्या देशात दिसली तर त्याचं काय जातंय? म्हणून सुरुवात आपल्या देशाच्या उजवीकडून करायची आणि सगळं जग चिकटवून शेवटी आपल्याकडे यायचं. आमच्यातले लोक म्हणतात, अख्ख्या जगाच्या चुका आपल्या बोडक्यावर.

त्या चुका निस्तरायचं काम हिचं होतं. बाकीच्या बाया गोल आणून तिच्या टेबलावर ठेवायच्या, आणि शेवटची फाक ती लावायची.

गोल दोन प्रकारचे असतात. एक आपल्या भाषेतला, इथल्या शाळांसाठी. दुसरा इंग्रजीतला. आपल्या भाषेत देशाचं नाव आखूड आहे. ते शेवटच्या फाकेवर आरामात मावतं. इंग्रजीत देशाचं नावच वेगळं आहे आणि ते लांब आहे. ते कुणी ठेवलं मला माहीत नाही, मी लहान असल्यापासून आहे. ते नाव सांध्यावरून पलीकडे जातं. पहिली फाक लावली की नावाचं शेपूट गोलावर येतं, आणि शेवटची लावली की डोकं. दोन्ही जुळलं तर वाचता येतं. पूर्वी किती तरी गोल या नावापायीच भंगारात जायचे. ही त्या टेबलावर बसायला लागली तेव्हापासून क्वचितच एखादा गेला असेल. सांधा कुठे आहे ते बोट फिरवूनही कळायचं नाही.

गंमत अशी की घरी हिला ते इंग्रजी नाव अजिबात चालायचं नाही.

आमची मुलगी परदेशात असते. जावई तिकडचा नाही, पण तिकडे वाढलेला. त्यांना एक मुलगी आहे, नुकती शाळेत जायला लागली. सारखी गुणगुणत असते म्हणून आम्ही तिला भुंगी म्हणतो. मुलगी फोनवर बोलताना मध्येच तिकडच्या कुणाशी इंग्रजीत बोलायची आणि आपल्या देशाचं इंग्रजी नाव घ्यायची. ही लगेच पकडायची.

"काय म्हणालीस आत्ता?"

"काही नाही गं. शेजारीण विचारत होती कुणाशी बोलतेस."

"मग आपलं नाव सांगायचं."

"आई, आपलं नाव इथं कुणाला कळत नाही. विचारतात हे कुठे आलं?"

"मग सांगायचं कुठे आलं. तोंड आहे ना?"

"अगं, इंग्रजीत बोलताना इंग्रजी नाव घेतात. सगळेच घेतात."

"इंग्रजीत बोलताना तू स्वतःचं नाव बदलतेस का?"

मुलगी म्हणाली, "बदलते. कामावर मला सगळे अर्ध्याच नावानं हाक मारतात. अख्खं त्यांना जमत नाही."

 हिनं फोन माझ्या हातात दिला आणि ती चहाची भांडी घासायला गेली. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत होता.

मी तिला एकदा म्हटलं होतं, "घरी इतका त्रागा करतेस, आणि कारखान्यात त्याच नावाला जिवापाड जपतेस. हे काय गौडबंगाल आहे?"

"अहो, नाव कुणाचंही असो," ती म्हणाली, "ते तुटलेलं दिसू नये."

तिनं मला आयुष्यात कधी नावानं हाक मारली नाही. 'अहो' एवढ्यावर आमचा संसार झाला. पण देशाचं नाव ती कुणासमोरही घ्यायची. इंग्रजी तिला थोडंफार यायचं, गोलावरून शिकलेलं. परदेशी गिऱ्हाईक कारखाना बघायला आलं आणि त्यानं इंग्रजी नाव घेतलं, की ती खाली मान घालून फाक लावता लावता आपलं नाव मोठ्यानं म्हणायची. गिऱ्हाइकाला वाटायचं बाई कुणाला तरी हाक मारतेय. सुपरवायझर घामाघूम व्हायचा.

मुलगी आली, एकटीच. आठवडाभर राहिली आणि गेली. ती गेल्यावर मी दवाखान्यातून मिळालेली कपड्यांची पिशवी उघडली. हिचा कामाचा एप्रन वर होता. एप्रनला पोटापाशी एक फाक चिकटलेली होती. खळ लावलेली फाक हातात असताना ती पडली असणार, आणि फाक अंगावर चिकटून तशीच सुकली असणार. टोकाकडे थोडी चुरगळली होती. बाकी नीट होती. शेवटची फाक होती, आपल्याकडची. आपल्या भाषेतली. आपलं नाव पूर्ण वाचता येत होतं.

मला बरं वाटलं. का ते सांगता येत नाही. शेवटचं काम करताना तिच्या हातात तिच्या आवडीचं नाव होतं, एवढंच डोक्यात आलं असेल. मी एप्रन न धुता खुंटीला टांगला.

मग मी कामावर गेलो.

हिच्या टेबलाला कुणी हात लावला नव्हता. खळीचं भांडं मात्र चिमणीनं धुऊन पालथं घातलं होतं. टेबलाच्या मधल्या खिळीवर बसवलेला एक गोल तसाच होता. शेवटची एक फाक लावायची राहिलेली, तेवढा भाग कोरा पांढरा. खिळीला लाल दोरा बांधला होता. आमच्याकडे कुणाला घरासाठी गोल करायचा असेल तर मालक परवानगी देतात, आणि तो विक्रीत जाऊ नये म्हणून लाल दोरा बांधतात.

"भुंगीसाठी करत होत्या मावशी," चिमणी म्हणाली. "डब्याच्या सुट्टीत थोडा थोडा. सगळ्या फाका स्वतःच लावल्या, आम्हाला हात लावू दिला नाही. तिच्या शाळेत न्यायचाय म्हणे. आजी-आजोबा कुठे राहतात ते दाखवायचं असतं."

मी वाकून पाहिलं. गोल इंग्रजीतला होता. समुद्र, देश, शहरं, सगळं इंग्रजीत. कोऱ्या भागाच्या उजवीकडे, पहिल्या फाकेवर, आपल्या इंग्रजी नावाचं शेपूट होतं.

"हा इंग्रजी गोल आहे," मी म्हणालो.

"हो मग. भुंगीला आपली लिपी कुठे येते?"

"पण एप्रनला आपल्या भाषेतली फाक आहे."

चिमणीनं बोट दाखवलं. टेबलाच्या कडेला काचेच्या वजनाखाली इंग्रजी गोलाची शेवटची फाक ठेवलेली होती. कोरडी. खळ लागलेली नव्हती.

तिथून माझा गोंधळ सुरू झाला, तो अजून चालू आहे.

सुपरवायझरला प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बरोबर ना' म्हणायची सवय आहे. तो म्हणाला, "दादा, वाईट वाटून घेऊ नका, पण साधं आहे. दोन्ही प्रकारच्या फाका टेबलावर असतात. त्यांना त्या दिवशी बरं नव्हतं. एक ठेवून दुसरी उचलली. बरोबर ना? इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही, तेव्हाच आपण ओळखायला पाहिजे होतं."

"ओळखायला पाहिजे होतं म्हणजे कुणी?" चिमणी म्हणाली. "तुम्ही तर समोर बसून पेपर वाचत होता."

"मी हिशेब बघत होतो!"

"उलटा धरून?"

मी चिमणीला विचारलं, "ती गोंधळल्यासारखी होती का?"

"मला त्यांनी सकाळी तुमच्या मुलीच्या नावानं हाक मारली," ती म्हणाली. "पण ते काय, एरवीही मारायच्या."

मला शर्टाचं बटण आठवलं. म्हणजे सुपरवायझरचं खरं असावं. ती गडबडली आणि चुकीची फाक उचलली. पण मग इंग्रजी फाक काचेखाली का? आमच्याकडे फाक काचेखाली ठेवतात ती वापरायची नसते तेव्हा, उडून जाऊ नये म्हणून. वापरायची फाक खळ लावायच्या पाटीवर असते. म्हणजे तिनं ती मुद्दाम बाजूला ठेवली. गडबडलेला माणूस इतकं नीट ठेवतो का? ठेवतही असेल. हात सवयीनं चालतात.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती रडायलाच लागली.

"बाबा, आईनं मुद्दाम केलं. यात शंका कसली? अख्खं जग इंग्रजीत आणि आपल्यापुरतं आपलं नाव. तिला मला सांगायचं होतं ते."

"मग नावाचं शेपूट? ते पहिल्या फाकेवर तसंच आहे. आपलं नाव, आणि पुढे ते तुटलेलं इंग्रजी. तिला तुटलेलं नाव खपायचं नाही, तुला माहीत आहे."

"त्यावर ती काहीतरी करणार असेल."

"काय?"

"मला काय माहीत बाबा? मी फाका लावते का?"

मग तिनं नाक ओढलं आणि हळूच म्हणाली, "मी हल्ली आपलंच नाव सांगते इथं. इंग्रजीतसुद्धा. परवा एकानं विचारलं, हे कोणतं शहर? आईला सांगायला हवं होतं."

त्याच सुमारास बातमी आली. दुपारी डब्याच्या वेळी रेडिओ चालू होता. सरकारनं ठरवलं की यापुढे इंग्रजीतही देशाचं नाव आपलंच असेल. जुनं इंग्रजी नाव बंद. सगळ्या देशांना तसं कळवलं आहे. नकाशे, पाट्या, विमानं, सगळीकडे इंग्रजी अक्षरांत आपलं नाव.

खोलीत कालवा झाला. कुणी म्हणालं चांगलं झालं. कुणी म्हणालं नाव बदलून पगार वाढणार आहे का? सुपरवायझर म्हणाला इतके छापलेले कागद वाया जाणार, बरोबर ना? चिमणी एकदम म्हणाली, "म्हणजे आता नाव एकाच फाकेवर मावणार. शेवटची फाक कुणीही लावेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पोळीचा तुकडा हातात धरून होतो. तो खायचा की ठेवायचा ते मला कळेना.

मला आनंद व्हायला हवा होता. ही असती तर डबा टाकून उठली असती. पण नंतर टेबलावर जाऊन तिनं काय केलं असतं? तिचा हात जे एक काम करायचा ते संपलं. तिला ते आधी कळलं असतं तर ती हसली असती की भांडी घासत बसली असती, याचा मी संध्याकाळभर विचार केला. इतकी वर्षं एका घरात काढून मला तेवढं सांगता येत नाही.

नवीन कागद छापून आले. मालक स्वतः मला बोलवायला लेथपाशी आले. भले गृहस्थ आहेत.

"तुमच्या मिसेसचा गोल पुरा करून टाकू," ते म्हणाले. "नवीन फाक लावा. आता तेच कायदेशीर. पहिल्या फाकेवर ते शेपूट राहतं, त्यावर जमिनीच्या रंगाचं छोटं ठिगळ मारू. कळणारही नाही."

"तिनं ठिगळ कधी मारलं नाही," मी म्हणालो.

"बरं, मग जुनीच लावा. ती काचेखाली आहे ती. त्यांच्याच हातानं ठेवलेली. नाव जुळेल, गोल सुंदर दिसेल."

"पण ते नाव आता बंद झालं."

"मग एप्रनवरची लावा!"

"ती चुकून उचललेली असली तर?"

मालकांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला काय वाटतं, त्यांना कोणती लावायची होती?"

तेच तर मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

शेजारच्या मास्तरांची सून मुलीच्या शहरात जाणार होती. ती गोल न्यायला तयार होती, कापडात गुंडाळून, मांडीवर घेऊन. रविवारी तिचं विमान होतं, आणि त्याच आठवड्यात भुंगीच्या शाळेतला तो आजी-आजोबांचा दिवस. तेव्हा रविवारच्या आत काय ते ठरवायला हवं होतं. मी भुंगीलाच विचारायचं ठरवलं.

"भुंगे, आजीनं तुला गोलाबद्दल काय सांगितलं होतं?"

"आजी म्हणाली, मी तुला दाखवते कुठे ते."

"काय कुठे ते?"

"दोन्ही."

"दोन्ही म्हणजे?"

भुंगीला माझ्या अडाणीपणाचा कंटाळा आला असावा. तिनं सुस्कारा टाकला. "आजोबा, आजी राहते तो देश, आणि मम्मा आली तो देश. टीचर म्हणते मम्मा तिकडून आली." तिनं इंग्रजी नाव घेतलं. "आणि आजी म्हणते ती इकडे राहते." तिनं आपलं नाव घेतलं, हिच्यासारखंच, शेवटचं अक्षर ओढून. "मी आजीला म्हटलं, मम्माच्या देशातून आजीच्या देशात जायला बोट लागते का?"

मला हसू आलं. "मग आजी काय म्हणाली?"

"खूप हसली. म्हणाली, थांब, गोलावर दाखवते."

"अगं, ते एकच आहे. देश एकच. नावं दोन."

"का?"

"एक आपण म्हणतो, एक बाकीचे म्हणायचे."

"मग आता?"

"आता सगळेच आपलं म्हणणार."

ती जरा वेळ गुणगुणत राहिली. विचार करताना ती तसंच करते. मग म्हणाली, "मग मम्माचा देश गेला?"

"गेला नाही गं. तोच तो."

"आणि आजी कुठल्या देशात गेली?"

मागून मुलीचा आवाज आला, "भुंगी, पुरे."  पोरीनं विचारलेलं मला नीटसं कळलंही नव्हतं. आणि कळलंही होतं.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ एप्रनसमोर उभा होतो. तिनं पोरीला दोन्ही दाखवायचं कबूल केलं होतं. म्हणजे आपल्या नावाची फाक आणि इंग्रजी नावाचं शेपूट, दोन्ही एकाच जमिनीवर शेजारी. बघ, बोट लागत नाही. असं असेल का? तसं असेल तर ती चूक नव्हती आणि मुलगी म्हणते ते भांडणही नव्हतं. पण शेपटावरून पोरीला काय कळणार? अर्ध्या नावाला कुणी नाव म्हणत नाही. दोन्ही दाखवायची तर दोन्ही पूर्ण हवीत. ती वर आपलं लावून पुढे हातानं काही लिहिणार होती का? तिच्या हातात ब्रश असायचा, पेन नाही.

शनिवारी मी एप्रन घेऊन कारखान्यात गेलो. सुट्टी होती. मालकांनी किल्ली दिली, आणि मी न बोलावता चिमणी आली. तिनं पाणी तापवलं आणि एप्रनच्या मागून ओलं फडकं ठेवत ठेवत फाक सोडवली. खळ पिठाची असते, पाण्यानं सुटते. मला वाटलं होतं फाटेल. फाटली नाही. चुरगळलेलं टोकही तिनं नखानं हळूहळू उलगडलं. काम करताना तिनं तोंडातून चकार शब्द काढला नाही. ही तसंच करायची.

मग तिनं तिन्ही फाका टेबलावर ओळीनं ठेवल्या. काचेखालची जुनी, एप्रनवरची, आणि नवी छापून आलेली.

"काका, तुम्ही सांगा. मी लावते."

"तुला काय वाटतं?"

"मी सांगितलं तर मावशी स्वप्नात येऊन माझी वेणी ओढतील."

"तरी सांग."

तिनं तिन्हींकडे पाहिलं. "नवी लावली तर बरोबर होईल. जुनी लावली तर चांगली दिसेल. ही एप्रनवरची..." ती थांबली. "ही त्यांनी हातात घेतली होती. एवढंच."

तिनं खळ ढवळून ब्रश माझ्या हातात दिला. मी उभ्या जन्मात फाक लावलेली नाही. मी एप्रनवरची फाक उचलली. ती ओली होती, लुळी पडत होती. कोऱ्या भागावर धरून पाहिली. आपलं नाव बरोब्बर जागेवर आलं. आणि त्याच्या पुढे ते शेपूट. मी दोन्ही मिळून मोठ्यानं वाचलं. असा कुठला देश नाही.

चिमणीला हसू फुटलं. मलाही. हसता हसता ती पदरानं डोळे पुसायला लागली.

मी फाक परत पाटीवर ठेवली. जुनी धरून पाहिली. नाव जुळलं, फाक कोरडी असूनही. तिनं पहिली फाक इतकी नेमकी लावली होती की माझ्यासारख्याच्या हातूनही ते जुळलं. आणि ते नाव वाचताना मला तिचा आवाज ऐकू आला, 'काय म्हणालात आत्ता?' मी तीही ठेवली. नवीला मी हात लावला नाही. नवी तिनं पाहिलीच नव्हती.

खळ भांड्यात घट्ट व्हायला लागली. चिमणीनं पाणी घालून ती एकदा सैल केली, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तिनं पाणी घातलं नाही. भांडं धुतलं आणि पालथं घातलं.

रविवारी मास्तरांची सून सांगितल्याप्रमाणे दाराशी आली. मी तिला म्हणालो, गोल झाला नाही. ती म्हणाली, "असाच द्या ना काका, एका फाकेनं काय बिघडतं?" मी म्हणालो, कोरा भाग आपल्याच देशाचा आहे. ती म्हणाली, "हात्तिच्या." मग रिकाम्या हातानं गेली.

भुंगीनं शाळेत मुलीच्या फोनवरचा नकाशा दाखवला. त्यावर अजून जुनंच नाव होतं. टीचरनं सांगितलं की आता ते बदललं आहे. भुंगीनं मला फोनवर विचारलं, "आजी विसरली का गोल करायचा?"

"नाही," मी म्हणालो. "विसरली नाही. मीच अडलोय."

"कशात?"

"सांगतो नंतर."

सोमवारपासून मी पुन्हा लेथवर आहे. नवे गोल भराभर तयार होतात. शेवटची फाक आता चिमणी लावते, कधी दुसरी कुणी. मालकांनी हिचा गोल घरी न्यायला सांगितला. मी त्याला बैठक कातून दिली आहे, कमान बसवली आहे, तो फिरतो. तिन्ही फाका दोन पाट्यांच्या मध्ये सपाट ठेवल्या आहेत.

फाक लावायची राहिली आहे, आणि आजी कुठल्या देशात गेली ते भुंगीला सांगायचं राहिलं आहे.